कार्तिकातले कंद : भीमाकाठच्या हिवाळ्याचा एक इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला इतिहास शिकविला आणि कांदे लावावयास शिकविले. या दोहोंपैकी कोणती विद्या आयुष्यात अधिक उपयोगी पडली, हे सांगणे मला आजही अवघड वाटते. व्याख्यानाचा विषय कळवा, असे शाळेकडून पत्र आले तेव्हा बहमनी राजवट, गाणगापूरचे क्षेत्रमाहात्म्य असा एखादा भारदस्त विषय मी घेईन, अशी चिटणीसांची अपेक्षा असावी. मी कळविले की, कार्तिकात जमिनीत पुरावयाचे कंद आणि थंडीतून जपावयाचे पीक यांच्या इतिहासाविषयी बोलेन. दूरध्वनीवर थोडा वेळ शांतता पसरली. मग ते म्हणाले, ‘‘चालेल. गुरुजींनाही असेच काहीतरी आवडले असते.’’ त्यांच्या या ‘असेच काहीतरी’चा आधार घेऊन मी आज आपल्यापुढे उभा आहे.

इंग्रजी अमदानीत लिहिल्या गेलेल्या बागकामाच्या पुस्तकांतून एक प्रकरण हटकून असे. पावसाळा सरला, ऑक्टोबर लागला, की फुलझाडांचे कंद जमिनीत पुरावेत; आणि ज्या नाजूक झाडांना थंडी सोसत नाही त्यांना काढून आडोशाला ठेवावे. युरोपात हा नियम अक्षरशः खरा आहे. तिथे शरदात ट्यूलिपचे, नर्गिसचे कंद पुरतात; त्यांवर बर्फ पडते; वसंतात त्या बर्फाखालून कोंब वर येतात. उलट डेलियासारखे उबदार देशातून आलेले झाड पहिल्या हिमकणांबरोबर काळे पडते. म्हणून त्याचे गड्डे उपटून, कोरड्या मातीत वा वाळूत घालून तळघरात ठेवतात. एक कंद थंडीसाठी बाहेर, दुसरा थंडीपासून आत. तिकडच्या माळ्याचा शरद ऋतू या दुहेरी धांदलीत जातो.

आपल्या भीमाकाठी हा नियम उलटा होतो. डेलिया मूळचा मेक्सिकोचा. १७८९ साली तो माद्रिदच्या राजोद्यानात पोहोचला आणि तेथून युरोपभर पसरला. त्याचे गड्डे युरोपीय माळी हिवाळ्यात झोपवितो. आपण पावसाळा सरता लावतो, हिवाळ्यात फुले घेतो आणि उन्हाळ्यात वाळूत झोपवितो. झाड एकच, वाळूही तीच, फक्त शत्रू बदलला. ज्या मुलखात वैशाखात पारा चाळिसाच्या पुष्कळ वर जातो, तिथे ‘जपणे’ म्हणजे प्रायः उन्हापासून जपणे. आपली हळद, आले, सुरण, भुईचाफा ही सारी मंडळी उन्हाळ्यात भुईखाली डोळे मिटून पडतात आणि वळवाच्या सरींनी किंवा मृगाने जागी होतात. हळदीचे बेणे झाडाच्या सावलीत, पाल्याखाली झाकून मृगापर्यंत राखावयाचे, ही आमच्या आजीची मोठी जोखमीची कामगिरी असे. त्या ढिगाला हात लावण्याची आम्हा मुलांना बंदी होती. देवघराइतकीच ती जागा सोवळ्यात असे.

म्हणून कोणी म्हणेल की, आपल्याकडे हिवाळ्याला इतिहासच नाही. मला तसे वाटत नाही, आणि माझा पहिला साक्षीदार या क्षेत्राचाच आहे.

गुरुचरित्राच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायातली पर्वतेश्वर नावाच्या शेतकऱ्याची कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. श्रीनृसिंहसरस्वतींच्या सांगण्यावरून त्याने जोंधळ्याचे उभे, हिरवे पीक कापून टाकले. बायकामुलांनी आक्रोश केला, गाव त्याला वेडा म्हणाला. पुढे थंड वारा सुटला आणि सगळ्या शिवारातले उभे पीक नासून गेले. त्यानंतर मूळ नक्षत्रावर अवकाळी पाऊस झाला, आणि पर्वतेश्वराच्या शेतातल्या कापलेल्या थोटांना फुटवे येऊन अपार धान्य पिकले.

भाविकांनी यात गुरुकृपा पाहिली. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यात ढवळाढवळ करण्याची माझी इच्छा नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढेच पाहतो की, ही कथा लिहिणाऱ्याला, म्हणजे सरस्वती गंगाधरांना, भीमाकाठची शेती नेमकी ठाऊक होती. सूर्याचे मूळ नक्षत्र डिसेंबरच्या उत्तरार्धात येते. त्या सुमारास रब्बीची ज्वारी पोटऱ्यात वा फुलोऱ्यात असते, आणि नेमक्या त्याच वेळी कडाका पडला तर कणसात दाणा भरत नाही. कापलेल्या ताटाचे मात्र जे काही जिवंत असते ते भुईशी, बुडख्यात असते. वारा त्याच्यावरून निघून जातो. ओल मिळाली की तेथून फुटवे येतात. नाजूक झाड हिवाळ्यातून पार पाडावयाचे तर वरचा भाग सोडून द्यावा आणि मूळ राखावे, हे तत्त्व तिकडचा माळी डेलियाच्या बाबतीत पाळतो; आपल्याकडे ते एका पोथीत, एका शूद्र शेतकऱ्याच्या शेतात नोंदलेले आहे. सरस्वती गंगाधरांची मातृभाषा मराठी नव्हती, असे ते स्वतःच सांगतात. कानडी मुलखातल्या जोंधळ्याची ही हकीगत मराठीत आली ती अशी. सीमेवरच्या शाळेत शिकलेल्या आम्हा मंडळींना यात नवल वाटू नये.

शास्त्रकारांचीही साक्ष काढता येते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. फांद्या न फुटलेली रोपे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात आणि चांगले खोड धरलेली पावसाळ्याच्या आरंभी लावावीत, असे तो सांगतो. पाणी घालण्याचे वेळापत्रकही देतो : उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड, पावसाळ्यात माती सुकेल तेव्हा. सहाव्या शतकातला हा नियम आमच्या घरच्या परसात विसाव्या शतकातही बिनचूक पाळला जाई, आणि तो पाळणाऱ्यांपैकी कोणीही वराहमिहिराचे नाव ऐकलेले नव्हते. आपल्या शेजारच्या कल्याणचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या क्रीडांचे वर्णन करता करता बागेची माती, बी, झाडांमधले अंतर, खत, पाणी जास्त वा कमी झाल्याची लक्षणे इतका तपशील तो देतो की, राजाला राज्यकारभारास वेळ कधी मिळत होता, असा प्रश्न पडावा.

आता बहमनी काळाकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

१३४७ साली गुलबर्ग्यास बहमनी सत्ता स्थापन झाली. पुढच्या शतकात अहमदशहाने राजधानी बीदरला हलविली. बीदरच्या पठारावर हवा तुलनेने थंड आहे. तेथे इराणी धर्तीचे भुयारी पाट, ज्यांना करेझ म्हणतात, खोदले गेले आणि नौबादच्या बाजूस ते आजही पाहता येतात. उन्हाळ्यात बागा जगविण्याची ही सोय. इराणातून विद्वान, सैनिक, कारागीर, व्यापारी यांचा ओघ सुरू झाला. गिलानचा महमूद गवान १४५३ साली आला, वजीर झाला, त्याने १४७२ मध्ये मदरसा बांधला आणि १४८१ मध्ये तो मारला गेला. या लोकांच्या भाषेत वसंताची फुले म्हणजे लाला, नर्गिस आणि सुंबुल. लाला म्हणजे ट्यूलिप. त्याचे मूळ घर तिएनशान आणि पामीरच्या डोंगरउतारांवर. बाबराने काबूलच्या टेकड्यांवरची ट्यूलिपची फुले मोजवली, तेव्हा ती बत्तीस-तेहतीस प्रकारची भरली, असे तो आत्मचरित्रात लिहितो. त्याचा पणतू जहांगीर १६२० साली काश्मीरच्या वसंतात गेला आणि उस्ताद मन्सूरकडून त्याने तिथल्या फुलांची चित्रे काढून घेतली.

ही फुले दख्खनच्या काव्यात आली. नर्गिसचे डोळे आणि सुंबुलाचे केस दख्खनी उर्दूत विपुल आहेत. दख्खनच्या मातीत मात्र लाला रुजला नाही. ट्यूलिपचा कंद उन्हाळ्यात आतल्या आत कळी तयार करतो, हे खरे. पण त्या कळीचा देठ वर सरकावयास त्याला सलग बारा ते सोळा आठवडे खरी थंडी लागते, नऊ अंशांच्या खालची. गुलबर्ग्याचा पौष त्याला ती देऊ शकत नाही. रात्रीचा पारा पंधराच्या आसपास घुटमळतो आणि दुपारी माणूस सदरा काढतो. राजाच्या फर्मानाने कवी येतात, वास्तुकार येतात, थंडी येत नाही.

याविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण हा पराभव मी स्वतः पत्करला आहे. नोकरीच्या काळात एका सूचिपत्रातली रंगीत चित्रे पाहून मी ट्यूलिपचे बारा कंद मागविले आणि कार्तिकात कुंड्यांत लावले. पाने आली, कळी मानेपर्यंत येऊन तिथेच वाळली. दुसऱ्या वर्षी हट्टाने सहा कंद शीतकपाटात भाजीच्या कप्प्यात तीन महिने ठेवले. घरात त्यावरून जे बोलणे झाले ते इथे सांगत नाही. फेब्रुवारीत एकच फूल उमलले, वीतभर देठाचे, आणि चौथ्या दिवशी उन्हाने त्याच्या पाकळ्या गळाल्या. श्रीनगरच्या दाल सरोवराकाठी २००७ साली ट्यूलिपची मोठी बाग लोकांना खुली झाली. तिथे शरदात कंद पुरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये डोंगराचा उतार रंगतो, कारण तिथला हिवाळा खरा हिवाळा आहे. दिल्लीतही अलीकडे ट्यूलिप फुलवितात; ते आधीच थंडी दिलेले कंद असतात. म्हणजे ते माहेरी हिवाळा भोगून येतात आणि सासरी फक्त फुलतात.

गोवळकोंड्याचा सुलतान महंमद कुली कुतुबशहा (कारकीर्द १५८० ते १६१२) हा मला या संदर्भात फार शहाणा वाटतो. फारसी संस्कारात वाढलेल्या या राजाने कविता लिहिल्या त्या मिरगावर, वसंतावर, थंडकाळ्यावर. मिरग म्हणजे आपला मृग. इराणी नवरोजचा वारसा सांगणाऱ्या दरबारात पावसाच्या नक्षत्राचा उत्सव झाला. फुलांची नावे परदेशी राहिली, पण ऋतूचे नाव या मातीने आपले लावून घेतले.

तेव्हा डोंगरातला लाला इथे केवळ शब्द होऊन राहिला. पण त्याच मध्य आशियाच्या डोंगराळ पट्ट्यातून, त्याच्या कितीतरी आधी, आणखी एक कंद इकडे आला होता. त्याच्यावर कोणी कसीदा लिहिला नाही. त्याला आपण कांदा म्हणतो.

या दोघांची गल्लत फार जुनी आहे. १५६२ च्या सुमाराची एक हकीगत वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसने नोंदविली आहे. इस्तंबूलहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याला काही कंद मिळाले. त्याला वाटले, हे तुर्की कांदे. काही त्याने निखाऱ्यावर भाजून तेल आणि शिर्क्याबरोबर खाल्ले. उरलेले परसात कोबीच्या वाफ्यात पुरले. दुसऱ्या वसंतात कोबीतून ट्यूलिप उगवले. पुढे क्लूसियस लायडनच्या विद्यापीठीय बागेत आला. १५९३ च्या शरदात त्याने कंद लावले, १५९४ च्या वसंतात फुले आली, आणि चाळीसएक वर्षांतच हॉलंडमध्ये एकेका कंदाला घराची किंमत येऊन १६३७ च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला. त्याच सुमारास हे डच लोक आदिलशाही मुलखात वेंगुर्ल्यास वखार घालून बसत होते. कंदाचे वेड मात्र त्यांनी इकडे आणले नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन अंमलाखालच्या हॉलंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. अँटवर्पच्या व्यापाऱ्याने जे अज्ञानाने केले, ते त्यांनी भुकेने केले. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे चरक-सुश्रुतांना पलांडू ठाऊक आहे. सातव्या शतकात आलेला ह्युएनत्संग लिहितो की, कांदा-लसूण खाणारे थोडे, आणि खाणाऱ्याला गावाबाहेर घालवितात. म्हणजे खाणारे होते. शास्त्राने त्याला पंक्तीबाहेर ठेवले. मळ्याने ठेवले नाही. सोलापूर जिल्ह्यातले अरण आपल्याच भीमेच्या खोऱ्यात येते. तेथले संत सावता माळी १२९५ साली समाधिस्थ झाले. त्यांनी आपल्या मळ्यातल्या ज्या भाज्यांत विठ्ठल पाहिला, त्यांत कांदा आहे. भक्तीच्या दृष्टीने त्या अभंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्याकडे शेतीच्या इतिहासाचा दस्तऐवज म्हणूनही पाहतो. तेराव्या शतकात भीमेच्या खोऱ्यात माळ्याच्या मळ्यात कांदा होता, आणि इतका नित्याचा होता की, देवाचे नाव घेताना तो सहज तोंडी आला.

शब्दांची साक्षही ऐकावी. संस्कृतात कंद म्हणजे कोणताही भुईतला गड्डा. मराठीने तो शब्द घेऊन ‘कांदा’ केला आणि एकट्या पलांडूला देऊन टाकला. सगळ्या जातीचे नाव एकाच्या पदरात घालणे, हा भाषेने केलेला मोठाच बहुमान आहे. आपल्या भागातले कानडी भाऊ त्याला उळ्ळागड्डी म्हणतात. त्यातला ‘गड्डी’ आणि आपला लसणाचा ‘गड्डा’ भावंडे आहेत, हे कोणीही ओळखील. नाशिककडे कांद्याच्या रोपासाठी जे बी टाकतात त्याला ‘उळे’ म्हणतात. तो शब्द आणि उळ्ळागड्डीतला ‘उळ्ळी’ यांचे नाते असावे, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच घ्यावा.

आता कांद्याने जे साधले आणि ट्यूलिपला जे साधले नाही, ते नेमके काय, हे सांगावयास हवे. कांदा हे दोन हंगामांचे झाड आहे. पहिल्या हंगामात बियापासून रोप, रोपापासून कांदा. त्याच कांद्याला दुसऱ्या हंगामात पुन्हा जमिनीत पुरले, आणि काही आठवडे गारवा मिळाला, तर तो फुलतो आणि बी देतो. हा गारवा त्यालाही हवाच असतो. परंतु दख्खनमधल्या कांद्याने आपली मागणी कमी करून घेतली आहे. त्याला हिमाची गरज नाही, दहा ते पंधरा अंशांचा मवाळ गारवा पुरतो, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री. दिवसाच्या लांबीचेही तसेच. युरोपातल्या कांद्याला गड्डा धरावयास उन्हाळ्यातला लांबलचक दिवस लागतो. तो इथे लावला तर पात वाढते, कांदा होत नाही. आपला कांदा साडेअकरा-बारा तासांच्या दिवसात गड्डा धरतो.

हे त्याने आपणहून केले नाही. याच्या मागे शेकडो वर्षे एक काम चालले आहे, आणि ते ज्यांनी केले त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. चैत्र-वैशाखात रब्बीचा कांदा निघे. पात वाळवून, सावलीत सुकवून तो हवेशीर जागी पसरून ठेवीत. मग पावसाळा. दमट हवेत कोणता सडे, कोणता कोंब टाकी, कोणता काजळीने काळा पडे. आषाढ शुद्ध नवमीला आपण कांदेनवमी साजरी करतो आणि पुढे चातुर्मासात कांदा वर्ज्य मानतो. या रूढीमागे काय कारण असेल ते असो. जो कांदा टिकणार नाही तो सडण्याच्या आत भजी-थालिपिठांतून संपविण्याची ही सोय आमच्या आजीला मनापासून पटलेली होती. कार्तिकी एकादशी येईपर्यंत ढिगात जे उरत ते उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सोसलेले, न सडलेले, न फुटलेले. त्यांतून पुन्हा निवड होई. मध्यम आकाराचे, एका रंगाचे, बारीक मानेचे कांदे वेगळे काढीत. प्रत्येकाचा वरचा तिसरा हिस्सा विळ्याने कापून पाहत. आत एकच डोळा असेल तर तो बेण्याचा. दोन-तीन असतील तर तो स्वयंपाकघराचा. मग सरीला पुरावयाचे. यालाच डोंगळे लावणे म्हणतात. पौष-माघात पोकळ दांडे कमरेपर्यंत येत, त्यांच्या टोकाला पांढरे गोंडे उमलत, मधमाश्यांचा गुंजारव सुरू होई, आणि चैत्रात काळे, कोनदार बी हाती येई.

हा आमचा शरदातला कंद आणि वसंतातले फूल. शोभेसाठी नव्हे, एवढाच फरक.

गुरुजींनी हे सारे आम्हाला शाळेच्या हौदामागच्या तुकड्यावर करून दाखविले. दिवाळीची सुट्टी संपली की प्रत्येक वर्गाला एक सरी मिळे. कापलेल्या कांद्याने डोळ्यांना पाणी येई आणि वर्गात हशा पिके. ‘‘कांदा भारतात कोणत्या साली आला?’’ असे त्यांनी एकदा विचारले. आम्ही पानिपत, प्लासी यांच्या सनावळ्या पाठ केलेल्या. कोणालाच उत्तर येईना. ते म्हणाले, ‘‘मलाही ठाऊक नाही. पण गेल्या साली तो गेला नाही, कारण कोणीतरी तो लावला, एवढे नक्की.’’ तेव्हा मला हे उत्तर टाळाटाळीचे वाटले होते.

कांद्याच्या बियात एक दोष आहे. ते जगत नाही. ज्वारी नीट राखली तर बरीच वर्षे उगवते. आपल्या मुलखातली पेवे त्यासाठीच होती. कांद्याचे बी आपल्या हवेत वर्षभरात मलूल होते आणि दुसऱ्या वर्षी बहुतांशी मेलेले असते. म्हणून ही साखळी दरवर्षी जोडावी लागते. एक वर्ष चुकले तर धोका. लागोपाठ दोन चुकली तर वाण संपला. दरबार बदलले, राजधान्या हलल्या, १३९६ पासून पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे चालला असे सांगतात. त्या साऱ्यातून कांद्याचे बी ज्या अर्थी आमच्यापर्यंत आले, त्या अर्थी कोणत्या ना कोणत्या विहिरीच्या काठी, कोणत्या ना कोणत्या घराने दर कार्तिकात काही कांदे न खाता पुरले.

आमच्या घराने १९७२ साली ते केले नाही.

आमचे गाव संगमापासून दोन कोसांवर. आजोबांच्या आधीपासून आमच्याकडे एक फिकट गुलाबी, चपटा, अतिशय टिकाऊ कांदा होता. सोयऱ्याधायऱ्यांत त्याचे बी आमच्याकडून जाई. १९७२ चा पावसाळा कोरडा गेला. विहिरीचा तळ दिसू लागला. त्या साली चैत्रात निघालेले बी रोपासाठी टाकावयास वाफ्याला पाणी नव्हते, म्हणून ते गाडग्यात तसेच राहिले. दिवाळीला एका हाऱ्यात बेण्याचे कांदे निवडून ठेवलेले होते. मी गुलबर्ग्याहून सुट्टीत घरी आलो तेव्हा तो हारा माजघरात पाहिला होता. आमच्याकडे एक कानडी सालगडी होते, त्यांना आम्ही मामा म्हणत असू. त्यांनी वडिलांना विचारले, ‘‘अप्पा, डोंगळे कुठं लावायचे?’’ वडिलांनी उत्तर दिले नाही.

माघात मी पुन्हा गेलो, तेव्हा हारा रिकामा होता. आईने ते कांदे भाकरीबरोबर मुलांना दिले होते, मामांच्या मुलांनाही दिले होते. तिने ते मला सांगितले तेव्हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. हॉलंडच्या त्या हिवाळ्याविषयी मी पुढे वाचले, तेव्हा मला त्या देशाविषयी काही नवे कळले नाही. आमच्या माजघराविषयी कळले.

१९७३ ला पाऊस बरा झाला. वडिलांनी गाडग्यातले दीड वर्षाचे बी वाफ्यात टाकले. चार हातांच्या वाफ्यात मोजून अकरा रोपे उगवली, आणि तीही रोपमरीने गेली. ज्यांना आम्ही बी देत होतो त्या घरांतून मी स्वतः फिरलो. प्रत्येक घरी तेच ऐकले : ‘‘तुमच्याकडं असेलच, म्हणून आम्ही ठेवलं नाही.’’ तो वाण भीमाकाठी मला नंतर कुठेही दिसला नाही. पुढे बाजारातून बी आणले. चांगलेच होते, उत्पन्नही जास्त आले. वडिलांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मात्र त्यानंतर त्यांनी डोंगळे कधीच लावले नाहीत.

मला गुरुजींचे उत्तर तेव्हा कळले. मी त्यांना भेटून सांगितलेही. ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘आपल्या हौदामागं तुमचा कांदा एक साल लावला होता रे. मग तिथं सायकलींची शेड झाली.’’ त्यांच्या स्वरात दोष नव्हता. शाळेला शेड हवीच होती.

कांद्याचे संशोधन पुढे पुष्कळ झाले. कांदा व लसूण यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र १९९४ साली नाशिकला निघाले आणि १९९८ मध्ये पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला गेले. राजगुरुनगर भीमेच्या काठी आहे. म्हणून तेथे निघालेल्या वाणांना भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा सुपर अशी नावे दिली गेली. नदीच्या उगमाकडे तयार झालेले बी तिच्या नावाने खाली गाणगापूरपर्यंत आले, याचा मला आनंद वाटतो. त्या केंद्राने देशभरातून जुने वाण गोळा करून जतन केले आहेत, ही गोष्टही समाधानाची आहे. आमचा गुलाबी चपटा कांदा मात्र त्यांनी गोळा करावयास सुरुवात करण्यापूर्वी वीस वर्षे आमच्या घरातून गेला होता.

निवृत्तीनंतर मी गावी अर्धा एकर बागाईत पुन्हा हाती घेतली आणि दर कार्तिकात डोंगळे लावतो. वाण माझा नाही, पण निवड माझी आहे. गेल्या माघात, गोंडे ऐन फुलोऱ्यात असताना, संगमाकडे निघालेले पुण्याचे एक वृद्ध जोडपे रस्त्यावर थांबले. बाईंनी विचारले, ‘‘ही कसली हो फुले? काय सुंदर दिसताहेत!’’ मी म्हटले, ‘‘कांद्याची.’’ त्या एकदम एक पाऊल मागे सरल्या. त्यांचे सप्ताहाचे पारायण चालू होते. मग यजमानांकडे पाहून हसल्या, पुन्हा पुढे आल्या आणि बांधावर उभ्या राहून बराच वेळ मधमाश्या पाहत राहिल्या.